एकाच कानानं कमी ऐकू येतंय, मग डोक्याचा एमआरआय कशाला?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत ग्राइंडिंगला आहे, वय ४६. वर्ष झालं, डाव्या कानानं कमी येतंय आणि आत सारखी शिट्टी वाजते. फोन डावीकडं धरला की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, उजवीकडं घेतला की एकदम क्लिअर. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली, आता ईएनटी (कान-नाक-घशाच्या) डॉक्टरांनी डोक्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतनं औषध देऊन करायचा, एमआरआय सांगितलाय. कामावरची पोरं म्हणतात मशिनच्या आवाजानं झालंय, कशाला खर्च करतोस. करू का नको?

उत्तर : करा. मशिनच्या आवाजानं ऐकू कमी येतं हे खरंच आहे, पण तो आवाज बहुतेक वेळा दोन्ही कानांना साधारण सारखाच मारतो, तुमचा उजवा चांगला आणि डावाच गेलाय आणि त्यातही आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, म्हणजे कानाच्या पुढं, मेंदूकडं जाणाऱ्या नसेत काही आहे का हे बघायलाच लागतं.

ही ऐकण्याची नस कानामागच्या हाडातल्या जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या बोगद्यातनं जाते, सोबत तोल सांभाळणाऱ्या दोन नसा आणि चेहरा हलवणारी एक. एमआरआयमध्ये तिथलं पाणी पांढरं दिसतं आणि त्यात नसा काळ्या दोऱ्यांसारख्या वेगवेगळ्या दिसतात. सीटी स्कॅनमध्ये हाड छान दिसतं, पण नस अशी दिसत नाही. डॉक्टर शोधतात ती मुख्यतः तोलाच्या नसेवर येणारी श्वानोमाची (नसेच्या आवरणाची) गाठ, आणि घाबरू नका, ती कॅन्सर नसते, बहुतेक हळूहळू वाढते, लहान असेल तर कित्येकदा नुसती ठराविक काळानं परत एमआरआय करून लक्ष ठेवतात, नाहीतर रेडिएशन किंवा ऑपरेशन. आणि असा एमआरआय केलेल्या बहुतेकांना गाठ निघतच नाही. कॉन्ट्रास्टमुळं बारकी गाठही उठून दिसते, त्याआधी किडनी नीट आहे ना हे बघायला क्रिएटिनिनची रक्ततपासणी सांगतील.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ग्राइंडिंग करताना कधीही डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, अगदी दहा वर्षांपूर्वी का असेना, तर सेंटरवर आधी सांगा. आत राहिलेला कण एमआरआय मशिनच्या जोरदार चुंबकानं हलला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. फॉर्मवर घाईत सगळीकडं 'नाही' लिहू नका! एमआरआय मशिनचाही आवाज मोठा असतो, कानात बोळे किंवा हेडफोन मागून घ्या.

आणखी एक, कुणाचा कान एका रात्रीत गेला तर एमआरआयच्या नंबरची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडं जा, स्टेरॉईडचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या बाळाला जन्मापासून ऐकू येत नाही. कॉक्लियर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राच्या) आधी सीटी पण आणि एमआरआय पण सांगितलाय. दोन्ही लागतंय का?

उत्तर : ताई, सीटीत हाडाची रचना कळते, एमआरआयमध्ये ऐकण्याची नस आहे का, बारीक आहे का, हे कळतं. नसच नसेल तर इम्प्लांटचा फायदा होणं अवघड, म्हणून हे ऑपरेशनच्या आधीच कळायला पाहिजे. बाळाला मेंदूज्वर होऊन गेला असेल तर तपासणी अजिबात पुढं ढकलू नका, त्यानंतर कॉक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या) आत हाड धरायला लागतं आणि मग इम्प्लांटची तार आत जाणं कठीण होतं. बाळ हलू नये म्हणून झोपेचं औषध देतात, किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.