बुद्धिबळ आणि ब्रिजच्या सॉफ्टवेअरमध्ये करिअर: पैसे इंजिनात नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की प्रोग्रॅमिंग येतं, बुद्धिबळ आणि ब्रिज दोन्ही मनापासून खेळता, तर नोकरी सोडून या खेळांचं सॉफ्टवेअर लिहिण्यावर पोट भरेल का? या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो: भरेल, पण बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चांगली खेळी शोधणारा प्रोग्रॅम, विकून नाही.

एके काळी तसंही भरायचं. ब्रिटनच्या मार्टिन ब्रायंट यांच्या ‘व्हाइट नाइट’ने 1983 मध्ये मायक्रोकॉम्प्युटरची युरोपीय स्पर्धा जिंकली. त्यावरून त्यांनी ‘कोलोसस चेस’ लिहिला, तो घरगुती संगणकांवर विकला गेला आणि पुढे ‘कोलोसस ब्रिज’ही आला. आज स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम फुकट आहे, मोबाइलवर चालतो आणि जगज्जेत्याला सहज हरवतो. फुकटाशी भावात कोण स्पर्धा करणार? तो उचलून स्वतःच्या नावाने विकू म्हणाल, तर त्याचा जीपीएल परवाना आडवा येतो: घेणाऱ्याला कोडही द्यावा लागतो. याच परवान्यावरून स्टॉकफिशच्या लेखकांनी 2021 मध्ये बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या चेसबेस कंपनीला जर्मनीत कोर्टात खेचलं होतं.

तरीही एक इंजिन स्वतःच्या हाताने लिहाच, शिकण्यासाठी. सुरुवातीच्या स्थितीपासून पुढच्या सगळ्या शक्यता मोजा: एका खेळीनंतर 20, दोन खेळींनंतर 400, मग 8,902, मग 197,281. आकडा एकानेही चुकला तर तुमचे नियम कुठेतरी गंडले आहेत. आणखी पुढच्या खेळी मोजताना आणि अवघड स्थितींत बहुतेक वेळा कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) किंवा आँ पासाँ (प्याद्याने प्यादं जाता जाता मारणं) यांच्यापैकी कोणीतरी दगा देतं. नंतरची शिस्त याहून मोलाची. स्टॉकफिशमध्ये 2013 पासून फिशटेस्ट आहे: कोणी कितीही हुशार बदल सुचवला, तरी हजारो डाव खेळवून फायदा सिद्ध झाल्याशिवाय तो आत जात नाही. ‘मला बरं वाटतंय’ याला तिथे किंमत शून्य. ही सवय लागलेला माणूस कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला हवाच असतो.

खरी मजा ब्रिजमध्ये, चौघांच्या या पत्त्यांच्या खेळात, आहे, कारण तिथे संगणकाला चांगलं खेळवायचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या ‘जिब’ या प्रोग्रॅमने 1998 आणि 1999 ची जागतिक संगणक ब्रिज स्पर्धा जिंकली. त्याची युक्ती अशी: न दिसणारी पानं बोलीशी (किती हात करू हे खेळाआधी सांगणं) जुळतील अशा बेताने अनेकदा वाटायची, प्रत्येक वाटपात चौघांची पानं उघडी आहेत असं धरून डाव सोडवायचा, आणि सरासरीत जे पान चांगलं ठरेल ते खेळायचं. ऐकायला बिनतोड वाटतं. आता समजा, इस्पिकची राणी डावीकडे की उजवीकडे हे माहीत नाही आणि फिनेस (ती राणी अमुक एकाकडे आहे असं धरून तिला पकडायची खेळी) दोन्ही बाजूंनी घेता येतो. चांगला खेळाडू आधी बाकीचे रंग खेळून कोणाकडे किती पानं उरली ते मोजतो. प्रोग्रॅमला मात्र प्रत्येक वाटपात राणी दिसतच असते, म्हणजे त्याच्या हिशेबात फिनेस कधीच चुकत नाही. मग मोजणी करायची गरजच त्याला पटत नाही! प्रतिस्पर्ध्याला चकवायला मुद्दाम टाकायचं पानही त्याला सुचत नाही, कारण त्याच्या जगात सगळ्यांना सगळं दिसतं.

बोलीचं दुखणं वेगळंच. पार्टनर कुठली पद्धत खेळतो, प्रतिस्पर्ध्यांच्या बोलीचा अर्थ काय, हे सगळं नियमांत बसवायचं. दोनशेवा नियम घातला की आधीचे चार बिघडतात. 2022 मध्ये पॅरिसला ‘नूक’ या प्रोग्रॅमने आठ विश्वविजेत्यांपेक्षा सरस खेळ केला तोही फक्त डिक्लेरर, म्हणजे बोली जिंकलेल्या बाजूने डाव खेळणारा, म्हणून, बोली त्या सामन्यातून वगळलेली होती. मला विचाराल तर पुढची दहा वर्षं घालवावीत अशी जागा हीच.

पैसे मात्र याच्या आजूबाजूला आहेत. फ्रेड गिटेलमन स्वतः वरच्या दर्जाचे खेळाडू. त्यांनी आधी शिकवणारं ‘ब्रिज मास्टर’ केलं आणि मग ऑनलाइन खेळायची ‘बीबीओ’ उभी केली. शिकवणी, ऑनलाइन टेबलं, डावांचं विश्लेषण, स्पर्धांचे निकाल यांना गिऱ्हाईक आहे. निकालाचं काम कंटाळवाणं, म्हणूनच त्यात स्पर्धा कमी. एक जोडी न आल्याने अर्धं टेबल रिकामं, दोघांनी चुकीचा बोर्ड (आधी वाटून ठेवलेला डाव) खेळलेला, डायरेक्टरने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, एक स्कोअर बदललेला, आणि सगळ्यांना निकाल घरी जायच्या आत हवा. हे जो सांभाळतो त्याला क्लब सोडत नाहीत.

सुरुवात कराल तेव्हा उघड्या पानांचा सॉल्व्हर, म्हणजे चौघांची पानं दिसत असताना डाव सोडवणारा भाग, स्वतः लिहीत बसू नका. बो हॅग्लंड यांचा ‘डीडीएस’ मुक्त आहे, वेगवान आहे आणि त्याचा अपाचे परवाना धंद्याच्या आड येत नाही. त्यावर तुमचा वाटप करणारा भाग लिहा, मग दोन आवृत्त्या त्याच डावांवर दोन टेबलांवर, दिशा बदलून, एकमेकींविरुद्ध खेळवा. ब्रिजमधलं नशीब वजा करायची ती एकच सोय आहे. नोकरीचं म्हणाल, तर पैसे भरून वापरणाऱ्या क्लबांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे भरेपर्यंत ती राहू द्या.