पेंटरकाकांना विचारा: गावात राहून चित्रकार होता येतं का?

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, गाव लहान, गिऱ्हाईक कमी आणि घरचे विचारतात याने पोट भरणार का. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच घेतलीत.

काका, मुलगा बारावीला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, आता म्हणतो चित्रकारच व्हायचंय. आमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, मुंबईला ठेवणं झेपणार नाही. काय करू?
— एक आई, सांगली जिल्हा

ताई, आधी त्या ए ग्रेडचं सांगतो. चांगली गोष्ट आहे, दहावीला वाढीव मार्क मिळाले असतील, पण त्यावरून एवढंच कळतं की पोराचा हात बरा आहे. कुणी सांगितलेलं नसताना, मार्क नसताना तो कागद घेऊन बसतो का ते बघा. बसत असेल तर अडवू नका, अडवून ही पोरं दुकानात नीट बसत पण नाहीत.

मुंबईचं जे.जे. १८५७ पासूनचं कॉलेज, नाव मोठं आहेच, बीएफए म्हणजे चित्रकलेची डिग्री चार वर्षांची, प्रवेश परीक्षा द्यायची, नंबर लागला तर कर्ज काढून पाठवा म्हणेन मी. पण नाही लागला तर जग बुडत नाही. कोल्हापुरात दळवीज आहे, कलानिकेतन आहे, दोन्ही चित्रकलेचीच कॉलेजं, एसटीच्या पासावर जाऊन शिकलेली कितीतरी पोरं मला माहिती आहेत. एटीडी करून ड्रॉइंग टीचर होऊ असं डोक्यात असेल तर मात्र जपून, कारण शाळेत चित्रकलेची जागा रिकामी झाली की ती भरतीलच असं राहिलेलं नाही.

आणि त्याला बाबूराव पेंटरांबद्दल वाचायला लावा. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा, मूळ आडनाव मेस्त्री, कुठल्या आर्ट कॉलेजची डिग्री नाही. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आता पडदा रंगवणं म्हणजे काय, तर सपाट कापडावर असा राजवाडा काढायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे आत चालत जाता येईल, आणि वरून दिव्यांच्या उजेडात तो मेला नाही पाहिजे. हे करता करता उजेड आणि खोली दोन्ही हातात बसलं. मग सिनेमाचं वेड लागलं, बाहेरून कॅमेरा आणायला पैसे नव्हते म्हणून इथेच घडवायला घेतला, आनंदराव १९१६ ला मध्येच गेले तरी बाबूरावांनी तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० ला ‘सैरंध्री’ हा सिनेमा लोकांपुढे आणला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही पुढे सिनेमात नावाजलेली सगळी मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. माझं म्हणणं एवढंच की पोटासाठी घेतलेल्या पडद्याच्या कामानेच त्यांना पुढचा रस्ता दाखवला, ते काम आणि कला असे दोन वेगळे डबे त्यांनी केले नव्हते.

मी बोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यापासून काम जवळपास संपलं, नंबर प्लेटा रेडियमवाल्यांनी नेल्या. आता स्वतःचं काही काढावं असं पण वाटत नाही. तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?
— एक कलाकार, माण तालुका

दादा, तुमचं पत्र वाचून जरा वेळ गप्प बसलो, कारण यातलं अर्धं माझंच आहे. पूर्वी दुकान उघडायचं म्हणजे मालक आठ दिवस आधी यायचा, मग भिंत घासा, प्रायमर मारा, सूत मारून ओळी आखा, हाताखाली काठी धरून अक्षराच्या कडा कापा, चहा दोनदा. आता सकाळी व्हॉट्सॲपला फोटो टाकला की संध्याकाळी फ्लेक्स टांगलेला, त्यावर दादांचा, भाऊंचा आणि सात शुभेच्छुकांचा फोटो. त्याच्याशी रेटमध्ये भांडायला जाऊ नका, हराल. फ्लेक्सला जे जमत नाही तिकडे वळा. झेडपी शाळांच्या बोलक्या भिंती आहेत, देवळाचं शिखर आहे, गणपतीच्या आधी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आहे (एका दमात श्वास रोखून करायचं काम, आणि बोर्डवाल्याइतका स्थिर हात कारखान्यात कुणाचा नसतो, हे मूर्तिकार लोकांना चांगलं माहिती आहे). त्याचे पैसे बरे मिळतात.

राहिली प्रेरणा. कार्यक्रमात सत्कार झाला की सूत्रसंचालक हाच प्रश्न विचारतो आणि आपण निसर्ग वगैरे सांगून मोकळे होतो. खरं सांगू का, मला ती मिळत बिळत नाही. मी गावाबाहेरच्या पाझर तलावावर जातो, एकाच बांधावर बसतो, समोर तीच बाभळ आणि तोच डोंगर. चैत्रात डोंगर असा काही भाजलेला असतो की त्याला तांबडं म्हणावं का जांभळं तेच कळत नाही, आणि तोच श्रावणात बघा, हिरवा लावताना हात थरथरतो, जरा जास्त झाला की बोर्डावरचा हिरवा होतो. हा हिरवा मला अजून नीट लागलेला नाही. म्हणून परत जातो. उद्या बरोबर लागला तर कदाचित जाणार पण नाही, कुणाला माहिती.

तुम्ही इतकी वर्षं लोकांनी सांगितलेली अक्षरं काढलीत, त्यामुळे कुणी सांगितल्याशिवाय हात हलत नसेल, हे मी आपल्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं बघितलंय. तर स्वतःच स्वतःला ऑर्डर द्या, मोठं काही नको, एसटी स्टँडवरच्या कँटीनचं चित्र, शनिवारपर्यंत पाहिजे. आणि शनिवारी ते पुरं करा, कसं का होईना.

आबालाल रहिमान यांनी आपली चित्रं तळ्यात टाकून दिली हे खरं का? आणि एवढा मोठा कलाकार मुंबईत का राहिला नाही?
— कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर

कोटितीर्थ तळ्याची ही गोष्ट कोल्हापुरात सगळे सांगतात, की १९२२ ला शाहू महाराज गेले आणि आबालाल यांनी दुःखाने चित्रांचे ढीगच्या ढीग पाण्यात सोडले. आकडे तर असे सांगतात की ऐकून गरगरायला होतं. मला आकड्यात रस नाही. जी चित्रं शिल्लक आहेत ती टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन बघ आणि रंकाळ्यावरचा संध्यामठ, कोटितीर्थ ही ठिकाणं त्यांनी कशी बघितलीत त्याकडे लक्ष दे. जे.जे.त शिकलेला माणूस, दरबारचा चित्रकार, मनात आणलं असतं तर मुंबईत साहेब लोकांची पोर्ट्रेट करून आरामात जगला असता. तो तळ्याकाठी झोपडीत राहिला. मुंबईत का राहिला नाही ते त्याने कुठे लिहून ठेवल्याचं मी वाचलेलं नाही, पण पाण्यावरचा उजेड घटकेला बदलतो आणि तो पकडायला तिथंच मुक्काम लागतो, पाहुण्यासारखं जाऊन भागत नाही, असं मी आपला माझ्यापुरतं समजतो. शाहू महाराजांसारखा राखणारा माणूस पाठीशी होता हे पण विसरू नको हं, नुसत्या वेडावर झोपडीचं भाडं पण निघत नाही.

वेळ काढून औंधलाही जा. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, तिथं औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी स्वतः जमवलेलं म्युझियम, राजा स्वतः चित्र काढणारा, आणि रविवर्म्यापासून इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत काय काय आहे तिथं. एवढं असून गर्दी कधी बघितली नाही मी.

फोटोवरून वारलेल्या माणसांची पोर्ट्रेट करतो. मित्र म्हणतात ही कॉपी आहे, हात बिघडतो.
— बार्शी

मित्र पैसे देतात का? मग ऐकू नका. चौकटी पाडून मोठं करता का डायरेक्ट, तो तुमचा प्रश्न, पण फोटो पासपोर्ट साइजचा आणि अर्धा उडालेला असताना त्यातून आजोबा उभे करायचे आणि म्हाताऱ्या आज्जीने “हो, असेच होते” म्हणायचं, हे कॉपीचं काम नाही. फक्त आठवड्यातून एकदा जिवंत माणूस समोर बसवून काढत जा, नाहीतर सगळ्या आजोबांचे कान सारखे यायला लागतात.

वॉटरकलरला परदेशी ट्यूबा घ्याव्यात की कॅमलच्या चालतील?
— जत

चालतील. रंगावर वाचवा आणि कागदावर खर्च करा, ३०० जीएसएमच्या खाली जाऊ नका, पातळ कागद पाणी लावलं की फुगतो आणि वॉशचं, म्हणजे पाण्यात पसरलेल्या पातळ रंगाचं, वाटोळं होतं. जतला उन्हाळ्यात नऊनंतर बाहेर बसू नका, ब्रश उचलायच्या आत वॉश वाळतो. कागद मागून ओला करून बोर्डवर चिकटवलात तर थोडा वेळ जास्त मिळतो.