नमुन्यासारखा माल आला नाही, तर?

प्रश्न : साताऱ्यात गेली सात वर्षे माझा मसाल्याचा लहानसा उद्योग आहे. मार्च महिन्यात एका व्यापाऱ्याने दाखवलेल्या ब्याडगी मिरचीच्या नमुन्यावरून मी फोनवर वीस पोत्यांची मागणी नोंदवली. माल अकरा दिवस उशिरा आला, मिरची ओलसर होती आणि रंगही नमुन्याइतका नव्हता. ऐन हंगामात थांबणे परवडणारे नसल्याने सहा पोती वाळवून दळली. उरलेली परत घ्या म्हटल्यावर व्यापारी म्हणतो, "वापरायला काढलीत, आता कसली तक्रार?" उशिरामुळे एका दुकानदाराची मोठी मागणीही रद्द झाली. शिवाय छापील पाकिटे तयार करून देणारा कारखानदार दर खेपेला शेकडा पाच-सहा पाकिटे सदोष पाठवतो. दोघांशी जुने संबंध आहेत. त्यांचे पैसे अडवून ठेवावेत का? ग्राहक आयोगाकडे जाता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : व्यापाऱ्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. माल विक्री अधिनियम, 1930 नुसार नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याबरहुकूम असलाच पाहिजे. तसा तो नसेल तर खरेदीदाराला तो नाकारता येतो, आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर नाकारलेला माल परत नेऊन पोचवण्याचे बंधनही त्याच्यावर नसते; नाकारल्याचे विक्रेत्याला कळवले की पुरते. मात्र मालकानेच करावा असा वापर खरेदीदाराने केला, किंवा वाजवी मुदतीत काहीच कळवले नाही, तर त्याने तो माल स्वीकारला असे कायदा धरतो. वीस पोत्यांचा सौदा एकच होता आणि दोष दिसत असूनही तुम्ही त्यांतली सहा पोती दळली, त्यामुळे उरलेली चौदा नाकारण्याचा तुमचा हक्क बहुधा संपला आहे. पण तेवढ्याने तक्रारीचा हक्क संपत नाही. मालातल्या उणिवेपोटी किमतीत कपात मागण्याची मुभा हाच कायदा देतो, आणि तुमच्या बोलण्याचा रोख आता परतीवरून कपातीकडे वळायला हवा.

कपात मागायची तर आकडा हवा. उरलेल्या पोत्यांमधून व्यापाऱ्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समक्ष मिरची काढून प्रयोगशाळेत ओलावा तपासून घ्या. एक पोते वाळवण्यापूर्वी आणि नंतर तोलून घटही लिहून ठेवा. मिरचीचा चुरा होऊ नये आणि वजनही भरावे म्हणून तिच्यावर पाणी मारण्याची खोड बाजारात जुनीच आहे, त्यामुळे हा आकडा समोर ठेवला की चर्चेचा सूर बदलतो. (जाता जाता एक सांगायला हवे. ओलसर मिरचीला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही. दळलेल्या सहा पोत्यांची तिखट विकण्यापूर्वी तपासणी करून घ्या. पाकिटावर नाव तुमचे असते, व्यापाऱ्याचे नव्हे.)

रद्द झालेल्या मागणीची भरपाई मात्र मिळणे अवघड दिसते. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे नुकसान मागता येते, किंवा करार करतानाच दोन्ही पक्षांना ज्याची कल्पना होती असे नुकसान. अमुक दुकानदाराला अमुक तारखेला माल द्यायचा आहे, हे तुम्ही व्यापाऱ्याला सांगितल्याचा उल्लेख पत्रात नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही भरवशाचा नाही, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांना अपवाद आहे, पण विक्रीसाठी घेतलेल्या कच्च्या मालाला तो लावून घेणे कठीण. समेट झालाच नाही तर दिवाणी दाव्यासाठी सर्वसाधारणपणे 3 वर्षांची मुदत असते.

पाकिटांच्या कारखानदाराबाबत अधिक सावध राहा. तो स्वतः उत्पादक आहे आणि त्याची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाखाली त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि तीही फार तर 45 दिवसांची, द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. सदोष मालाबद्दलची लेखी हरकत माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत घेतली नाही, तर माल आला त्या दिवशीच स्वीकारला असे मानले जाते. म्हणजे तीन महिने गप्प राहून मग "पाकिटे खराब होती" म्हणत बिल अडवणाऱ्याच्या अंगावरच व्याज येते. तेव्हा पूर्ण बिल अडवू नका. वाद नसलेली रक्कम वेळेवर द्या आणि सदोष पाकिटांपुरती क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, लेखी मागा. व्यापाऱ्याला या कायद्यातील उशिराच्या देण्याचे संरक्षण नाही, ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांपुरते आहे. तरी लेखी हरकतीची सवय दोघांच्याही बाबतीत ठेवावी.

जुन्या संबंधांविषयी माझे मत जरा रोखठोक आहे. सात वर्षांच्या ओळखीत एकही मागणी कागदावर आली नसेल, तर चूक दोन्हीकडे आहे. "चांगली मिरची पाठवा" याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. पुढच्या मागणीत जात, ओलावा 11 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, देठांचे प्रमाण, पोचण्याची तारीख, त्या तारखेमागचे तुमचे कारण आणि उशिराबद्दल दर दिवशी किती कपात, हे सारे लिहा; व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून होकार घेतलात तरी चालेल. कपातीची रक्कम मात्र वाजवी असावी, कारण लिहिलेला आकडा ही न्यायालयाच्या दृष्टीने भरपाईची कमाल मर्यादा असते, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. नमुन्याची पिशवी दोघांच्या सह्यांनिशी मोहोरबंद करून तुमच्याकडे ठेवा. आणि व्यापाऱ्याला भेटायला जाल तेव्हा त्याची मागची बिले तुम्ही किती दिवसांनी चुकवलीत, हेही वहीत पाहून जा. उधारी लांबवणाऱ्याच्या वाट्याला बाजारात निवडक माल सहसा येत नाही.

गाडी दारात उभी असतानाच चार-पाच पोती उघडून पाहावीत आणि काही खटकले तर चलनावर सही करण्यापूर्वी तसा शेरा लिहावा. चालक घाई करेल, करू द्यावी.