फोटो हलवताना पाठीवरचं लिखाण मागे ठेवू नका

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, नौपाड्यात राहते. जुन्या कॉम्प्युटरवर पिकासा या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये २२,००० फोटो आहेत. शेकडो चेहऱ्यांना मी नावं दिली आहेत. मुलाने नवा लॅपटॉप आणलाय. तो म्हणतो, फोल्डर कॉपी केलं की झालं. खरंच होईल का?

उत्तर : बाई, फोटो येतील, पण नावं येतीलच असं नाही. पूर्वी फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायचे, ‘ठाणे, मे १९७४, डावीकडून दुसरी शालू’. फोटो कुठल्याही अल्बमात गेला तरी ते लिखाण सोबत जायचं. पिकासा कॅप्शन आणि टॅग असेच जेपेग फाइलीत लिहितं. चेहरे, तारे, कापछाट हे मात्र बहुतेक वेळा वेगळ्या वहीत राहतं. प्रत्येक फोल्डरमधली ‘.पिकासा.आयएनआय’ ही लपलेली फाइल म्हणजे ती वही, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती सहसा वाचता येत नाही. गुगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं, त्यामुळे त्यात आता काही दुरुस्ती होणार नाही. जुना कॉम्प्युटर चालतोय तोवर हे काम उरकून घ्या.

आधी सगळ्या फोल्डरांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. मग पिकासा ३.९ मध्ये ‘टूल्स’, त्यात ‘एक्स्पेरिमेंटल’, त्यात ‘राइट फेसेस टू एक्सएमपी’ चालवा (एक्सएमपी म्हणजे फोटोची माहिती लिहून ठेवायची, बऱ्याच सॉफ्टवेअरना वाचता येणारी पद्धत). नावं फोटोच्या फाइलीत उतरतील. ताऱ्यांसाठी साधी युक्ती आहे : तारा दिलेले सगळे फोटो एकदम निवडा आणि त्यांना ‘आवडते’ असा टॅग द्या. प्रत्येक अल्बमसाठीही हेच करा, कारण अल्बम फाइलीत उतरत नाहीत, टॅग उतरतात. कापलेले, उजळलेले फोटो ‘सेव्ह’ केल्याशिवाय बाहेर तसे दिसत नाहीत. सेव्ह केल्यावर मूळ फोटो ‘.पिकासाओरिजिनल्स’ या लपलेल्या फोल्डरात जातो, तेव्हा तो फोल्डरही सोबत घ्या.

नव्या लॅपटॉपवर डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर घाला, असं मी म्हणेन. ते मोफत आहे. पण २२,००० फोटोंना हात लावण्याआधी दहा फोटो घालून पाहा. नावं दिसतात का? देवनागरी कॅप्शन सरळ वाचता येते का? तिथे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं आली, तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल, तर डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये टॅग आणि चेहरे फाइलीत लिहिण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे पुढच्या वेळी हा खटाटोप पुन्हा करावा लागणार नाही. इतक्या नावांमागे तुमची कित्येक वर्षं आहेत. मुलाला शेजारी बसवून दोन रविवार द्या.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीवर दरवर्षी फ्लेमिंगोंचे फोटो काढतो, सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली. अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरची वर्गणी थांबवून डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरकडे जायचंय. रंगांचं काम सोबत येईल का?

उत्तर : फारच थोडं. सगळे फोटो निवडून ‘सेव्ह मेटाडेटा टू फाइल’ केलंत, की कीवर्ड, कॅप्शन, रेटिंग रॉ फाइलीशेजारच्या एक्सएमपी फाइलीत जातात. रंगांच्या सूचनाही जातात, पण त्या अडोबीच्या भाषेत असतात आणि डार्कटेबलला त्यातलं जेमतेम काही कळतं. पंखांचा तो गुलाबी तुम्ही जसा बसवलाय तसाच हवा असेल, तर पूर्ण झालेले निवडक फोटो १६ बिट टिफमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. कलेक्शन, म्हणजे लाइटरूममधले अल्बम, एक्सएमपीत जात नाहीत, त्यांचे आधी कीवर्ड करा. वर्गणी संपल्यावरही लाइटरूम क्लासिक उघडतं आणि एक्स्पोर्ट करू देतं, फक्त डेव्हलप (रंगकाम) आणि मॅप (नकाशा) हे विभाग बंद होतात. त्यामुळे घाई नको.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. गुगल फोटोज भरलं म्हणून टेकआउट या गुगलच्या डेटा उतरवायच्या सोयीने सगळं उतरवलं. आता अर्ध्या फोटोंच्या तारखा चुकल्यात आणि काही फोटो दोनदा आलेत. काय बिघडलं?

उत्तर : बिघडलं काहीच नाही. अल्बममधला फोटो टेकआउट अल्बमच्या फोल्डरातही देतं आणि ‘फोटोज फ्रॉम २०१९’ अशा वर्षाच्या फोल्डरातही, म्हणून तो दोनदा दिसतो. वर्षांची फोल्डरं मूळ धरा. अल्बमची मात्र लगेच पुसू नका, कुठला फोटो कुठल्या अल्बमात होता हे त्यांच्यावरूनच कळतं.

तारखांचं असं, की कॅमेऱ्याने दिलेली तारीख फोटोतच असते. पण १९८३ च्या मुंजीचा फोटो तुम्ही २०२१ मध्ये स्कॅन केलात आणि तारीख गुगलमध्ये दुरुस्त केलीत, तर ती दुरुस्ती शेजारच्या जेसन फाइलीत, म्हणजे फोटोच्या माहितीच्या छोट्या मजकूर फाइलीत, येते. तेव्हा जेसन कचरा समजून पुसू नका! फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे मोफत साधन जेसनमधली तारीख फोटोत भरू शकतं, काम मात्र प्रतीवरच करा. शिवाय जेसनमधली वेळ भारतीय नसते, साडेपाच तास मागची असते. पाडव्याला पहाटे ४ वाजता रांगोळीचा काढलेला फोटो आदल्या रात्री साडेदहाचा होऊन बसतो. म्हणून ज्या फोटोंना स्वतःची तारीख नाही किंवा जी तुम्ही बदललीत, तेवढ्यांनाच जेसन लावा आणि साडेपाच तास मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंच्या नावातली तारीख ते फोनवर आल्याची असते, काढल्याची नव्हे.

प्रश्न : वाशीहून विचारते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नीट दिसतंय. जुनी लायब्ररी पुसू का?

उत्तर : अजून नको. दोन्हीकडची फोटोंची संख्या जुळवा, व्हिडिओंची वेगळी. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल जात नाही, आणि लग्नाचा लांब व्हिडिओ नेमका तिथेच गळतो. आयफोनचे लाइव्ह फोटो असतील, तर प्रत्येक फोटोसोबत त्याची छोटी व्हिडिओ फाइलही आली का ते बघा. मग दर वर्षातले पाच-सहा फोटो उघडून तारीख आणि नावं तपासा. जुनी डिस्क निदान वर्षभर राहू द्या, शक्यतो दुसऱ्या घरी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती लोखंडी कपाटात नुसती पडून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी जोडून पाहा.