अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ४ जुलैलाच सह्या झाल्या का?

नाही, बहुतेक सह्या २ ऑगस्ट १७७६ रोजी झाल्या. ब्रिटनपासून वेगळं व्हायचा ठराव फिलाडेल्फियात काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, २ जुलैलाच मंजूर झाला होता. तिथला एक प्रतिनिधी जॉन ॲडम्सने तर दुसऱ्या दिवशी बायकोला लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील; बिचाऱ्याचा अंदाज दोन दिवसांनी चुकला! ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनचा, काँग्रेसने बरीच काटछाट केलेला मजकूर. त्या रात्री डनलॅपच्या छापखान्यात छापायला घेतलेल्या प्रतींवर काँग्रेसचे अध्यक्ष हॅनकॉक आणि सचिव थॉमसन एवढीच नावं आहेत, तीही छापील. ५६ सह्यांची चर्मपत्रावरची प्रत लिहून काढायचा आदेशच १९ जुलैचा. मात्र खुद्द जेफरसनने पुढे ४ जुलैलाच सह्या झाल्याचं सांगितलं, त्यामुळे यावर वाद झालेले आहेत.