शिवणक्लास की इलेक्ट्रिशियन?

प्रश्न : शिरूर तालुक्यात आमची तीन एकर शेती आहे. मुलगी सोळा वर्षांची, दहावीला ७४ टक्के. गावात तीन महिन्यांचा मोफत शिवणक्लास सुरू होतोय, शेवटी मशीनही मिळणार आहे. घरबसल्या चार पैसे मिळतील म्हणून मी तिचं नाव दिलं. ती मात्र आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन होणार म्हणते. रात्रीची लाईट असली की ती बॅटरी धरून माझ्याबरोबर पंपावर येते, आमच्याकडे बिबट्याचं भय आहे. मागे स्टार्टर बिघडला आणि वायरमन दोन दिवस फिरकला नाही, तेव्हा हिनंच तो खोलून नोव्होल्ट कॉईल बदलली. तेव्हापासून हे खूळ. मुलीच्या जातीला हे शोभतं का? शिवाय रोज एकटीला एसटीनं पाठवायचं म्हणजे जिवाला घोर. दोन वर्षांत तिला उजवायची आहे. ताई, तिला जरा समजावा.

उत्तर : दादा, तिला समजावण्यासारखं तुमच्या पत्रात मला काही सापडलं नाही. बोलायचंय ते तुमच्याशी.

‘दोन वर्षांत उजवायची आहे’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळं पत्र त्या वाक्याभोवती फिरतंय. तीन महिन्यांचा क्लास पुरेसा वाटतो, कारण पुढचं सगळं सासरच्यांवर सोडायचं ठरलंय. मुलीचं लग्न अठराच्या आत लावता येत नाही, हा कायदा. अठरा भरले की लगेच लावलंच पाहिजे, असा कायदा नाही. आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रमही, नेमका दोन वर्षांचाच आहे. म्हणजे ही दोन वर्षं तशीही जाणारच आहेत. त्यांच्या शेवटी तिच्या हातात प्रमाणपत्र असेल, की चादर घातलेलं मशीन, एवढंच तुम्हाला ठरवायचंय.

चादरीचं मी उगाच लिहीत नाही. पुण्याभोवतीच्या गावांत मी बरीच फिरते. मोफत मिळालेली मशीनं अनेक घरांत पाहिली आहेत. एकावर पिठाचा डबा होता, एकावर पोरांची दप्तरं. मशीन मिळालं म्हणजे धंदा मिळाला, हा फार मोठा गैरसमज आहे. एकाच गावात वीस जणी एकदम शिकतात, वीस मशीनं येतात, पण ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बायका होत्या तेवढ्याच राहतात. त्या आधीच कुणा ना कुणाकडे टाकत असतात. तीन महिन्यांत साधा ब्लाऊज येतो. कटोरी, अस्तर, मापातली चूक दुरुस्त करणं यायला सराव लागतो आणि तो गिऱ्हाईक असेल तरच होतो. मग फॉल-पिको उरतं. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. ज्या मुलीला त्याची ओढ आहे, तिनं आयटीआयचा वर्षभराचा शिवणकामाचा ट्रेड करावा, मग दुकान काढावं. तुमच्या मुलीला ती ओढ नाही. तिच्यासाठी शिवणकाम निवडलं गेलं ते घराबाहेर पडावं लागत नाही म्हणून, दुसरं कारण तुमच्या पत्रात नाही.

तुमची काळजी मला कळते, एसटी स्टँडवर संध्याकाळी एकट्या उभ्या राहिलेल्या मुली मीही पाहते. पण दादा, काळोखात, उसाच्या कडेनं, बिबट्याच्या वाटेवर ती तुमच्याबरोबर पंपापर्यंत येते ते तुम्हाला चालतं. मग दिवसाच्या एसटीनं ती आयटीआयला का जाऊ शकत नाही? गावातल्या आणखी दोघी-तिघी त्याच गाडीनं जात असतील तर त्यांच्या आईवडिलांशी बोला. परतीच्या गाडीची वेळ प्रवेशाआधीच पाहून ठेवा. गाडी नसेल तर वसतिगृहाची चौकशी करा. घोर असा कमी करता येतो. तिला घरी बसवून तो फक्त लांबतो.

शोभण्याचं म्हणाल, तर पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानड्यांनी मुलींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींना हे शोभत नाही असंच लोक म्हणत होते. आज माझ्याकडे येणारे निम्मे वडील मुलीसाठी आधी नर्सिंगच विचारतात. महावितरणमध्येही आज महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात.

आता मार्ग. दहावीवर आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरा आणि आधी तालुक्याच्या शासकीय संस्थेचा पर्याय द्या. मुलींसाठी तिथे राखीव जागा असतात. औंधला मुलींची स्वतंत्र शासकीय आयटीआयही आहे. ट्रेड झाला की कारखान्यात अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं. पुढे शिकायचं असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. यंदा जागा हुकलीच तर वर्ष वाया घालवू नका. तुमच्याच तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला. तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, वीज, शेती, बांधकाम असं सगळं हातानं करून शिकता येतं. एकदा तिला घेऊन जाऊन बघून या.

एक गोष्ट मात्र मला खरंच घाबरवून गेली. तिनं स्टार्टर खोलला तेव्हा मेन स्विच पाडला होता का? टेस्टर लावून पाहिलं होतं का? हातात रबरी मोजे होते का? थ्री फेज लाईन दुसरी संधी देत नाही. तुम्ही तिला आयटीआयला पाठवलं नाही, तरी पुढच्या वेळी वायरमन आला नाही की ती स्टार्टर उघडणारच, कारण तिला ते जमतं हे तिला कळलंय. आणि कांद्याला पाणी द्यायचं असलं की तुम्हीही तिला अडवणार नाही. म्हणून तिला ते रीतसर शिकू द्या.

शिवणक्लासच्या यादीतून तिचं नाव काढा, ती जागा गावातल्या हौस असलेल्या मुलीला मिळू द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. बिघाड कॉईलमध्येच आहे हे तिनं कसं ओळखलं, ते मला तिच्याकडून ऐकायचंय.