प्रॅक्टिसला येणारं टायमिंग रेसला जातं कुठे?

प्रश्न: सर, मी १७ वर्षांचा आहे, २०० मीटर फ्रीस्टाईल करतो. प्रॅक्टिसला टायमिंग मस्त येतं पण रेसमध्ये बाजूच्या लेनवाला पुढे दिसला की तिसऱ्या लॅपला डोकंच बंद पडतं. मोठ्या स्विमर्सचं मन इतकं पक्कं कसं? रोज मेडिटेशन करू का?

उत्तर: कर की, कोण नको म्हणतंय. पण बाजूचा तुला दिसतो, कारण तेव्हा तुझ्या डोक्याला दुसरं काम नसतं.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी शेवटी तर समोरची भिंतसुद्धा दिसेना, आणि हा गडी हात मोजत मोजत पोचला, १:५२.०३, गोल्ड आणि वर्ल्ड रेकॉर्ड. सगळे म्हणतात काय हिंमत! मला तर त्यात हिमतीपेक्षा हिशोब जास्त दिसतो. एका लॅपला आपले किती स्ट्रोक बसतात हे पाठ होतं, त्यामुळे घाबरायच्या ऐवजी मोजायला लागला. त्याच्या कोचने, बॉब बोमनने, पूर्वी एकदा मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय दिला होता, की आता पोह तसाच. आणि रेस डोळ्यापुढे आणायची सवय होतीच, नीट झालेलीही आणि बिघडलेलीही. (मन पक्कं वगैरेचं म्हणशील तर ऑलिम्पिकनंतर डिप्रेशन यायचं हे त्यानेच उघडपणे सांगितलंय, तेव्हा ते लोखंडाचे असतात असं समजू नकोस.)

आता तुझं. प्रॅक्टिसच्या सेटचे शेवटचे दोन ५० मीटर आठव, दम लागलाय, कोच दुसरीकडे बघतोय, भिंत जवळ आल्याची खूण म्हणून वर लावलेले फ्लॅग्ज गेले, आता भिंतीपर्यंत श्वास रोखायचा तर तू पटकन एक घेतोस, मग टर्न ढिला, पुशऑफला, म्हणजे भिंतीला पाय मारून निघताना, हात सुटलेले, आणि पाण्यावर येताच पहिल्याच स्ट्रोकला मान पुन्हा बाहेर. घेतोस ना? मीही घ्यायचो, "रेसला नीट करीन" म्हणत अख्खं वर्ष काढलं, आणि रेसला अगदी तसाच श्वास घेतला. दमल्यावर अंग सवयीचंच करतं हो, त्याला कुठे कळतंय आज फायनल आहे ते.

म्हणून तिसऱ्या लॅपला काम ठरवून दे. प्रॅक्टिसला दमलेला असताना त्या ५० चे स्ट्रोक मोज, रोज, तो आकडा वाढू द्यायचा नाही. टर्ननंतर पहिले दोन स्ट्रोक बिनश्वासाचे. एवढं सांभाळताना शेजारचा काय करतोय ते बघायला वेळच उरत नाही.

आणि एक शंका आहे, पहिले ५० तू फार जोरात मारतोस का? तसं असेल तर तिसऱ्या लॅपला मन नाही, पाय संपलेले असतात, आणि त्यावर मेडिटेशन काय करणार! कोचकडून मागच्या दोन-तीन रेसचे स्प्लिट, म्हणजे दर ५० चं वेगळं टायमिंग, घे आणि पाठव, मग बघू.